वाळवंटात सोनं शोधायचंय? आधी कागद, मग माती, पाणी सगळ्यात शेवटी

मागच्या हिवाळ्यात आई सहा महिन्यांसाठी आमच्याकडे ॲरिझोनात आली होती. क्वार्टझाइट गावाजवळच्या एका कोरड्या ओढ्यात मी ड्राय वॉशर (पाण्याशिवाय, हवेच्या झोताने मातीतून सोनं वेगळं करणारं यंत्र) मांडला, भाता हलवायला लागले आणि धुळीचा लोट उठला. आईने आपली घडीची खुर्ची वाऱ्याच्या वरच्या अंगाला सरकवली आणि म्हणाली, "एवढं इंजिनीयरिंग शिकलीस आणि शेवटी उफणणीच करतेस की गं!" दोन वर्षं व्हिडिओ बघून मी जे यंत्र समजून घेत होते ते तिने एका शब्दात सांगून टाकलं.

मी मूळची विट्याजवळची. पाणी कमी आणि गलाईवाले (सोनं-चांदी वितळवून शुद्ध करणारे) जास्त असा आमचा मुलूख. मामा तिकडे तामिळनाडूत गलाईचं दुकान चालवतात, त्यामुळे मूस (धातू वितळवायचं भांडं), तेजाब (आम्ल), टाकणखार हे शब्द लहानपणापासून कानावर आहेत. पण मातीतून सोनं काढताना कुणाला पाहिलं नव्हतं. ते इथे येऊन, चुका करत शिकले. त्यातल्या निम्म्या चुका तुम्हाला टाळता याव्यात म्हणून हा लेख.

हिशोब आधीच सांगते. पहिल्या हंगामात सात फेऱ्या केल्या आणि मिळालं ०.४ ग्रॅम, म्हणजे साडेतीन गुंजासुद्धा नाही. पेट्रोल त्याच्या कितीतरी पट जास्त जळलं. हे परवडत असेल तरच पुढे वाचा.

१. हंगाम ओळखा

नोव्हेंबर ते मार्च. बस. २०२३च्या उन्हाळ्यात फीनिक्समध्ये सलग ३१ दिवस पारा ११० फॅरनहाइट, म्हणजे ४३ सेल्सियस किंवा त्याहून वर गेला होता. अशा उन्हात फावडं मारायला जाणं हे धाडस नव्हे, मूर्खपणा आहे. जून मध्यापासून सप्टेंबरअखेरपर्यंत इथला मॉन्सून असतो. तो आपल्यासारखा धो धो नसतो, पण दहा मैलांवरच्या डोंगरात पडलेला पाऊस तुमच्या कोरड्या ओढ्यात तासाभरात भिंतीसारखा येतो. हिवाळ्यातही अधूनमधून सरी येतात. त्या पडून गेल्यावर निदान आठवडाभर थांबा, का ते सातव्या पायरीत सांगते.

२. जमीन कुणाची आहे ते शोधा

नवखे इथेच चुकतात. समोर क्षितिजापर्यंत मोकळं रान दिसतं, कुंपण नाही, माणूस नाही, आणि आपल्याला वाटतं की सरकारी पडीक जमीन असणार. पण पडीक दिसणाऱ्या त्या जमिनीचे पाच-सहा प्रकार आहेत.

ब्यूरो ऑफ लँड मॅनेजमेंट, म्हणजे सगळे ज्याला 'बीएलएम' म्हणतात, त्या केंद्र सरकारच्या खात्याची जमीन आपल्या कामाची. राष्ट्रीय वनखात्याची जमीनही बऱ्याच ठिकाणी चालते. राज्याची 'स्टेट ट्रस्ट लँड' मात्र चालत नाही. तिथे फिरण्यासाठी काढलेल्या करमणुकीच्या परवान्यावर खनिज शोधता येत नाही. राष्ट्रीय उद्यानं, आदिवासी राष्ट्रांच्या राखीव जमिनी, लष्कराचा सराव चालतो ती मैदानं यांच्या वाटेला जाऊ नका. यूमा शहराच्या बाजूला लष्करी हद्द लागते, तिथे न फुटलेले दारूगोळे जमिनीत असू शकतात.

जमीन बीएलएमची निघाली म्हणून काम संपत नाही. १८७२च्या खाणकाम कायद्याने इथे सरकारी जमिनीवर खनिजाचा हक्क नोंदवता येतो, त्याला 'क्लेम' म्हणतात. वाळू-गाळातल्या सोन्याचा क्लेम एका माणसाला २० एकरांपर्यंत मिळतो, आठ जण मिळून १६० एकर घेऊ शकतात. क्लेमवरून चालत जायला, तंबू ठोकायला सहसा कुणी अडवत नाही, पण तिथली खनिजं क्लेमवाल्याची. त्याला न विचारता तिथे खणणं म्हणजे चोरी.

क्लेम तपासायला बीएलएमची 'एमएलआरएस' ही ऑनलाइन नोंदप्रणाली आहे. यातला सापळा नीट समजून घ्या. ती प्रणाली क्लेम कुठे आहे ते चौरस मैलाच्या पाव हिश्शापर्यंतच दाखवते, म्हणजे १६० एकरांच्या तुकड्यापर्यंत. त्या तुकड्यात २० एकरांचा क्लेम नेमका कोणत्या कोपऱ्यात आहे हे कळत नाही. त्याचा नकाशा काउंटी रेकॉर्डरच्या (जिल्ह्याच्या नोंदणी अधिकाऱ्याच्या) कार्यालयात नोंदवलेल्या कागदावर असतो. तो बऱ्याच काउंट्यांमध्ये ऑनलाइन बघता येतो, नाहीतर जाऊन बघावा लागतो. आणखी एक गोष्ट: क्लेम घेतल्यावर नोंद करायला ९० दिवसांची मुदत असते. त्यामुळे नोंदींत मोकळी दिसणारी जागा प्रत्यक्षात कुणीतरी मागच्या महिन्यात धरलेली असू शकते. म्हणून जागेवर पोहोचल्यावर दगडांची रास, खांब, पांढरे प्लास्टिकचे पाइप, त्यात गुंडाळून ठेवलेला कागद असं काही दिसतंय का ते आधी फिरून बघा.

मी हे केलं नव्हतं. तिसऱ्या फेरीला सकाळी दहाच्या सुमाराला एक म्हातारा जुन्या ट्रकमधून आला, टोपी काढली आणि शांतपणे विचारलं, "तुम्ही माझ्या क्लेमवर आहात, हे ठाऊक आहे ना?" मला घाम फुटला. मी बादल्या तिथेच रिकाम्या करून दिल्या. तो रागावला नाही, उलट जाताना आपल्या क्लेमची हद्द कुठे संपते ते दाखवून गेला. सगळेच असे नसतात आणि इथे पुष्कळांकडे बंदूक असते, एवढं लक्षात ठेवा.

क्लेम स्वतःच्या नावावर घ्यायची हौस असेल तर व्हिसाचं बघा. कायदा अमेरिकेच्या नागरिकांना आणि नागरिक होण्याचा इरादा रीतसर जाहीर केलेल्यांनाच क्लेम देतो. हा इरादा जाहीर करायचा अर्ज, एन-३००, ग्रीन कार्डवाल्यांसाठी आहे. एच-वन-बीवर असलेल्यांना क्लेम मिळत नाही. क्लेम पाळणंही फुकट नाही. सप्टेंबर २०२४पासून वर्षाचं शुल्क २०० डॉलर झालं आहे आणि १ सप्टेंबरची मुदत चुकली की क्लेम गेला. पहिल्या दोन वर्षांत तरी कुणी या भानगडीत पडू नये असं माझं मत आहे.

३. सोपा रस्ता: क्लब किंवा खुली जागा

नवख्यांसाठी दोन वाटा बऱ्या. पहिली, प्रेस्कॉट गावाजवळचा लिंक्स क्रीक. १८६३मध्ये वॉकर यांच्या टोळीला इथे सोनं सापडलं. आता वनखात्याने ओढ्याचा काही भाग हौशी लोकांसाठी मोकळा ठेवलाय. यंत्रं चालत नाहीत, फलकावर नियम लिहिलेले असतात, ते वाचा. हिवाळ्यानंतर इथे थोडं पाणीही असतं, त्यामुळे हात बसवायला जागा उत्तम. गर्दी मात्र असते, आणि दीडशे वर्षं लोकांनी चाळलेली माती आहे.

दुसरी वाट क्लबची. क्लबांचे स्वतःचे क्लेम असतात आणि वर्गणी भरली की सभासद म्हणून तिथे खणता येतं. वॉशिंग्टनच्या कायद्यापेक्षा क्लबच्या नियमांचं पुस्तक कधीकधी जाड असतं, पण जमिनीची काळजी मिटते. काँग्रेस गावाजवळ स्टँटन नावाचं जुनं ओसाड गाव आहे, ते अख्खं गावच लॉस्ट डचमन्स मायनिंग असोसिएशनच्या मालकीचं आहे. त्याच्यामागे रिच हिल. १८६३मध्ये या डोंगराच्या माथ्यावर सोन्याचे खडे नुसते वेचून घेतले होते. ओढ्यात नव्हे, माथ्यावर! हे वाचून मी पहिल्यांदा डोंगर चढले होते. काही सापडलं नाही, गुडघा मात्र धरला.

क्लबचा खरा फायदा म्हातारे सभासद. निवृत्त माणसं असतात, बोलायला कुणी हवंच असतं. त्यांच्याशेजारी एक सकाळ बसलात तर दहा व्हिडिओंचं काम होतं.

४. काय परवानगीशिवाय चालतं

बीएलएमच्या नियमांत 'कॅज्युअल यूज' नावाचा प्रकार आहे. हाताची अवजारं, पॅन (माती धुवायची परात), मेटल डिटेक्टर, हाताने किंवा बॅटरीवर चालणारा ड्राय वॉशर हे साधारण त्यात बसतं आणि त्याला वेगळा परवाना लागत नाही. माती उपसणारी यंत्रं, स्फोटकं, रसायनं बसत नाहीत. आता बारकावा बघा: नियमात ड्राय वॉशरच्या बाबतीत शब्द 'हाताचा आणि बॅटरीचा' असे आहेत. पेट्रोलवर चालणारा ब्लोअर जोडलेलं यंत्र दुकानात सर्रास मिळतं आणि दुकानदार 'सगळे वापरतात' असं सांगतो. तो ज्या भागात वापरणार तिथल्या बीएलएम कार्यालयाला आधी फोन करा. फोनवर नीट बोलतात, माझा अनुभव चांगला आहे. त्याच फोनमध्ये त्या भागात कोणते रस्ते गाड्यांना बंद आहेत तेही विचारून घ्या.

शंभर वर्षांपेक्षा जुन्या वस्तू, खापरं, दगडी हत्यारं उचलायची नाहीत. त्याला वेगळा कडक कायदा आहे.

५. सोबत काय न्यायचं

कागद: ओळखपत्र आणि व्हिसाची प्रत, क्लबचं कार्ड किंवा क्लेमवाल्याची लेखी परवानगी, जागेच्या हद्दी दाखवणारा छापील नकाशा. मोबाइलवर नकाशा उतरवून ठेवा, पण त्याच्या भरवशावर जाऊ नका. रेंज जाते, उन्हात फोन तापून बंद पडतो.

अवजारं: आखूड दांड्याचं फावडं, छोटा टिकाव, पहार, खुरपं, जुना स्क्रू ड्रायव्हर, रंग मारायचा जाड ब्रश (खडकाच्या भेगा झाडायला), पाच गॅलनच्या चार-पाच बादल्या, अर्ध्या इंचाची आणि बारीक अशा दोन चाळण्या, ड्राय वॉशर, एक पॅन, लोहचुंबक, चिमटा, छोट्या काचेच्या कुप्या. पॅन म्हणजे कडेला खाचा असलेली परात समजा. हिरवा किंवा निळा प्लास्टिकचा घ्या, काळी वाळू आणि सोनं दोन्ही त्यावर उठून दिसतात. बादली कधी काठोकाठ भरू नका. भरलेली पाच गॅलनची बादली सहज पंचवीस-तीस किलो होते, आणि गाडी नेहमी चढावर असते.

अंगासाठी: एन-९५ मास्क, चष्मा, जाड बूट, हातमोजे, टोपी. आणि केसांचा मोठा फणी-कंगवा. चोया नावाच्या निवडुंगाचा गोळा बुटाला किंवा पोटरीला चिकटला की हाताने काढायला गेलात तर हातालाही चिकटतो. कंगवा खाली घालून झटक्यात उडवायचा. हसू नका, पहिल्याच दिवशी लागेल.

मेटल डिटेक्टर सुरुवातीला घेऊ नका, असं मी तरी म्हणेन. काही शे डॉलरपासून हजारोंपर्यंत किमती आहेत, आणि शिकायच्या काळात तो फक्त खिळे, शिशाच्या गोळ्या आणि बिअरच्या डब्यांची झाकणं दाखवतो.

६. कोरड्या ओढ्यात कुठे बघायचं

सोन्याची घनता १९.३, गारगोटीची २.६५. सगळा खेळ या दोन आकड्यांत आहे. पूर आला की गोटे-वाळू-सोनं सगळं एकत्र वाहतं आणि प्रवाहाचा जोर कमी झाला की सोनं सगळ्यात आधी खाली बसतं. म्हणून वळणाच्या आतल्या अंगाला, मोठ्या धोंड्याच्या मागे (पाण्याच्या खालच्या बाजूला), अरुंद घळ एकदम रुंद होते तिथे, जुन्या झाडांच्या मुळांत बघायचं. इथपर्यंत नदीचा आणि वाळवंटाचा नियम एकच.

फरक पुढे आहे. बारमाही नदी माती वर्षानुवर्षं धुते, त्यामुळे सोनं तळाच्या कातळापर्यंत पोहोचतं. वाळवंटात वर्षातून दोन-तीनदा अर्धा तास पूर येतो, सगळं कालवून टाकतो आणि आहे तिथेच सोडून जातो. त्यामुळे सोनं मधल्याच एखाद्या थरात अडकलेलं असतं. शिवाय इथे जमिनीखाली पांढरा, चुन्याने घट्ट झालेला 'कॅलीची' नावाचा थर लागतो, आपल्याकडे विहीर खणताना चुनखडी लागते तसा. खणणाऱ्याला वाटतं कातळ लागला. तो कातळ नव्हे, पण सोन्यालाही तो कातळच वाटतो! पुढच्या पुरातलं सोनं त्याच्यावर बसून राहतं. म्हणून कॅलीची लागला की त्याच्या वरची चार बोटं माती खरवडून वेगळ्या बादलीत घ्या.

ओढ्याच्या पात्रापेक्षा उंचावर, दोन्ही काठांना गोल गोट्यांचे सपाट पट्टे दिसतात का बघा. तो ओढ्याचा जुना तळ. आताच्या पात्रात शंभर लोकांनी हात मारलेला असतो, वरच्या पट्ट्याकडे कमी लोक बघतात.

आणि उघडा कातळ दिसला, त्यात भेगा असल्या, तर टिकाव बाजूला ठेवा. गुडघ्यावर बसा, स्क्रू ड्रायव्हरने भेग उकरा, ब्रशने झाडा, चिमूटभर मातीसुद्धा सोडू नका. माझा आजवरचा सगळ्यात मोठा रवा अशाच भेगेतून आला. पोह्याच्या दाण्याचा तुकडा असावा तेवढा, चपटा, कडा झिजलेला. भेग बोटभर रुंद होती आणि त्यात आधी एक गंजलेला खिळा अडकला होता. जड वस्तू जिथे अडकते तिथे जड वस्तूच अडकते, म्हणून खिळा, शिशाची गोळी, काळी वाळू दिसली की तिथे रेंगाळा.

एकाच खड्ड्यात दिवस घालवू नका. सुरुवातीला सात-आठ ठिकाणची अर्धी-अर्धी बादली घ्या, बादलीवर चिकटपट्टीने क्रमांक टाका, नकाशावर तोच क्रमांक लिहा. कोणत्या बादलीत रंग दिसला ते कळल्याशिवाय मोठा खड्डा करायचा नाही. सोन्याचा कण दिसण्याला इथले लोक 'रंग दिसला' असंच म्हणतात.

७. उफणणी

आता मुख्य काम. १८५८मध्ये यूमाच्या पूर्वेला गिला नदीकाठी सोनं सापडलं तेव्हा लोक डोंगरातली माती वाहून नदीवर धुवायला आणत. १८६२मध्ये कोलोरॅडो नदीजवळ ला पाझला सोनं निघालं, तिथेही पाण्याची तीच बोंब. म्हणून वाऱ्यावर माती उफणून सोनं काढायची रीत या वाळवंटात रुजली. आजचा ड्राय वॉशर हे त्याच उफणणीचं पेटीत बसवलेलं रूप.

वर चाळणी, खाली तिरकी पट्टी, पट्टीला तळाशी कापड आणि त्यावर आडव्या पट्ट्या. कापडाखालून भाता हवेचा धक्का देतो. धक्क्यासरशी माती उचलली जाते, हलकी वाळू आडव्या पट्ट्यांवरून उड्या मारत खाली निघून जाते, जड माल पट्ट्यांच्या मागे बसतो. सुपात पाखडताना खडे मागे राहतात आणि भूस पुढे जातं, तसंच.

माती खडखडीत कोरडी हवी. नुसती 'बऱ्यापैकी' कोरडी चालत नाही. मूठ घट्ट आवळून उघडा. गोळा झाला तर ती माती ओली आहे. ओल्या मातीत चिकणमातीचे खडे होतात, आणि सोनं त्या खड्यात बसून पट्टीवरून आरामात बाहेर जातं. मी पहिल्या फेरीला पावसानंतर तिसऱ्याच दिवशी गेले होते. वरची माती कोरडी ठणठणीत, वीतभर खाली गारवा. बारा बादल्या फिरवल्या, शून्य मिळालं, आणि संध्याकाळी कळलं की दिवसभर मी ढेकळं एका ढिगातून दुसऱ्या ढिगात टाकत होते. ओल असेल तर काळ्या ताडपत्रीवर पातळ पसरा, दोन-तीन तास उन्हात ठेवा, उलटसुलट करा. शेंगा वाळवतो तशा.

यंत्र मांडताना आडवं पातळीत आहे ना ते बघा. एका बाजूला कललं तर सगळी माती त्या अंगाने पळते. मग उतार आणि हवा जुळवायची. पट्ट्यांमागे हलकी वाळू साचून घट्ट बसत असेल तर हवा किंवा उतार वाढवा. सगळंच सपाटून बाहेर जात असेल तर कमी करा. माती वरून सावकाश सोडा. घाईत अख्खं फावडं ओतलं की पट्टी बुजते.

जमलं की नाही हे कसं कळणार? बाहेर पडलेल्या मातीतली एक परात घ्या आणि ती धुऊन बघा. त्यात रंग दिसला तर यंत्र सोनं बाहेर टाकतंय. हे प्रत्येक नव्या जागी करायचं. कंटाळवाणं आहे, पण केलं नाही तर तुम्ही गळकं भांडं भरत बसलात.

दहा-बारा बादल्या फिरवल्या की पट्ट्यांमागचा माल काढा. साधारण दोन-अडीच किलो निघतो. आईने तो परातीत घेतला, दोनदा पाखडला, फुंकर मारली आणि निम्मा कमी केला, सोनं मागेच राहिलं. तुमची आई सोबत नसेल तर हे करू नका, मला तिच्या हातासारखं अजून जमलेलं नाही.

८. धुळीबद्दल थोडं थांबून

ॲरिझोनाच्या मातीत एक बुरशी असते, तिचे बीजाणू श्वासातून गेले तर 'व्हॅली फीव्हर' होतो. ताप, खोकला, आठवडेच्या आठवडे न जाणारा थकवा. लक्षणं एक ते तीन आठवड्यांनी दिसतात, तोवर आपण खणायला गेलो होतो हे विसरलेलो असतो. एकाचं दुसऱ्याला होत नाही. पण ओळखीतल्या एकाला दोन महिने साधा फ्लू समजून औषधं दिली गेली. डॉक्टरकडे गेलात तर 'मी वाळवंटात माती उपसत होते' हे आपणहून सांगा. मास्क नाकावर घट्ट बसवा, वाऱ्याच्या वरच्या अंगाला उभे राहा. प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांनी, गरोदर बायकांनी उफणणीच्या आसपास थांबू नये. मुलांना लांब बसवा.

जुन्या खाणींच्या भुयारात डोकवायलासुद्धा जाऊ नका. आत प्राणवायू पुरेसा नसू शकतो, लाकडं कुजलेली असतात, आणि विहिरीसारखी खोल विवरं झुडपांत लपलेली असतात. दगड उचलताना आधी पहारीने उलटवा, विंचू आणि खुळखुळ्या साप सावलीलाच असतात. गाडी सुरू करण्याआधी खाली वाकून बघा, वाळवंटी कासवं सावलीला येतात. त्यांना उचलायचं नाही, घाबरली की साठवलेलं पाणी लघवीवाटे टाकून देतात आणि तहानेने मरू शकतात.

९. पाणी

गाडीत दोन प्रकारचं पाणी असतं आणि ते एकमेकांत जाऊ द्यायचं नाही. प्यायचं पाणी: माणशी दिवसाला किमान चार लिटर, वर एका दिवसाचं जास्तीचं, कारण टायर फसला तर रात्र तिथेच. याला सोन्यासाठी हात लावायचा नाही, कितीही मोह झाला तरी.

धुवायचं पाणी मी तीस लिटर नेते आणि तेवढ्यात दिवस निघतो. दोन टब लागतात. पहिल्यात परात बुडवून हलवायची, गढूळ पाणी, गाळ सगळं त्यातच पडू द्यायचं. तो फार गढूळ झाला की बाजूला ठेवायचा आणि दुसरा घ्यायचा. पहिला तोवर निवळतो. बारीक चिकणमाती लवकर बसत नाही, त्यावर आपला घरगुती उपाय आहे: तुरटी. खडा पाण्यात पाच-सहा वेळा फिरवा, अर्ध्या-पाऊण तासात वरचं पाणी स्वच्छ. फीनिक्सजवळच्या चँडलरमधल्या भारतीय दुकानात मिळते. क्लबमधल्या एका आजोबांना मी तुरटीचा खडा दिला, ते पुढच्या आठवड्यात अजून तीन मागायला आले.

निवळलेलं पाणी अलगद काढून पुन्हा वापरा. त्यात भांडी घासायच्या साबणाचा एकच थेंब टाका. कोरड्या मातीतलं बारीक सोनं पाण्यावर तरंगतं, अक्षरशः डोळ्यांदेखत परातीबाहेर वाहून जातं. साबणाने पाण्याचा ताण मोडतो आणि ते बुडतं.

परात मारायची पद्धत थोडक्यात: माल पाण्यात पूर्ण भिजू द्या, ढेकळं बोटांनी कुस्करा, मग परात पाण्याखाली आडवी जोरात हलवा, म्हणजे जड माल तळाला जाईल. मग पुढे किंचित कलती करून वरचा थर पाण्यासोबत सोडा. पुन्हा हलवा. हलवणं जास्त, सोडणं कमी. घरी सराव करायचा असेल तर शिशाच्या छऱ्यांचे चपटे केलेले दहा तुकडे वाळूत मिसळा आणि धुऊन शेवटी मोजा. दहापैकी नऊ उरेपर्यंत वाळवंटात जायची घाई नको. माझे पहिल्यांदा चार उरले होते. शिसं हाताळल्यावर हात धुवा.

मनापासून सांगते, तिथे सगळं धुऊ नका. जागा चांगली की वाईट हे कळण्यापुरत्या दोन-तीन पराती धुवा आणि बाकीचा माल बाटल्यांत भरून घरी आणा. परसात, सावलीत, नळ जवळ असताना काम शांतपणे होतं. धुतलेला गाळ नाहाणीघराच्या मोरीत सोडू नका, नाहीतर प्लंबरचं बिल सोन्याच्या भावाने येतं.

१०. काळ्या वाळूतून सोनं वेगळं करणं

शेवटी परातीत चमचाभर काळी वाळू उरते. ती सुकू द्या, चुंबक प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून वरून फिरवा, पिशवी उलटी केली की चिकटलेली वाळू सुटते. उरलेलं सावलीत बघा. सोनं सावलीतही पिवळंच दिसतं. अभ्रक आणि पायराइट उन्हात लखलखतात, सावलीत मलूल होतात. तरी शंका असेल तर सुईने दाबा: सोनं दबतं, पायराइट फुटतो, अभ्रकाचे पापुद्रे निघतात.

पारा वापरायचा नाही. तेजाब नाही. जुन्या खाणींच्या भागात कधी पांढरट, चांदीसारखा लेप बसलेलं सोनं मिळतं, तो जुन्या लोकांनी सांडलेला पारा. ते वेगळ्या कुपीत ठेवा आणि कधीही तापवू नका, वाफ जीवघेणी असते.

एक गंमत. चुंबकाला ओढणारे, तपकिरी-काळे, वजनाला जड दगड सापडले तर लगेच फेकू नका. ॲरिझोनाच्या वायव्य भागात गोल्ड बेसिन इथे १९९५मध्ये सोनं शोधताना जिम क्रीग यांना दगडी उल्का सापडल्या, आणि मग तो मोठा उल्काक्षेत्राचा पट्टा निघाला. बीएलएमच्या जमिनीवरून वर्षाला माणशी १० पौंडांपर्यंत उल्का स्वतःसाठी नेता येतात.

११. निघण्यापूर्वी

सगळे खड्डे बुजवा. झुडपांची मुळं उघडी पडली असतील तर आधी ती झाका. न बुजवलेल्या खड्ड्यात गाय किंवा कासव पडलं की पुढच्या वर्षी त्या जागी बंदीची पाटी लागते.

मिळालेलं सोनं कुपीत ठेवताना कुपी पाण्याने काठोकाठ भरून झाकण लावा. हवेचा बुडबुडा राहिला की बारीक कण त्याला चिकटून वर फिरत राहतात. भारतात न्यायचा विचार असेल तर कस्टम्सची शुल्कमाफी दागिन्यांना आहे, कच्च्या सोन्याला नाही. जाहीर करूनच न्या.

वितळवायचं का, हे मी मामांना व्हिडिओ कॉलवर कुपी दाखवून विचारलं होतं. त्यांनी चष्मा वर केला, कुपी कॅमेऱ्याजवळ आणायला सांगितली आणि म्हणाले, "एवढं मुशीत टाकलंस तर मूसच खाऊन टाकेल. दहा ग्रॅम झालं की बघू."

त्या वेगाने मला अजून चोवीस हंगाम लागतील.